घरच्या घरी सीडी-डीव्हीडी राइट करताना: कोरी डिस्क घेण्यापासून पडताळणीपर्यंत

घरातल्या संगणकावर डिस्क राइट करण्याची वेळ आता रोज येत नाही, पण येते तेव्हा ती बहुधा महत्त्वाच्या कामासाठीच येते. रुग्णालयातून मिळालेल्या एमआरआयच्या सीडीची प्रत दुसऱ्या डॉक्टरांना द्यायची असते, सोसायटीच्या सीसीटीव्हीतला ठरावीक वेळेचा भाग पोलीस ठाण्यात जमा करायचा असतो, किंवा मंडळाच्या उत्सवाचे चित्रीकरण कोणाच्याही हातून चुकून पुसले जाणार नाही अशा स्वरूपात जपून ठेवायचे असते. अशा वेळी डिस्क निम्म्यावर अडकली, किंवा पूर्ण होऊनही समोरच्याच्या संगणकावर उघडली नाही, की रायटर खराब झाला असे आपण पटकन म्हणतो. रायटर खराब होतोही. परंतु पुष्कळदा अडचणीचे मूळ 'बर्न' हे बटण दाबण्याआधी घेतलेल्या निर्णयांत असते आणि ती अडचण उशिरा कळते, कारण बटण दाबल्यानंतरची पडताळणी केलेली नसते. म्हणून या लेखात बटण दाबण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

डिस्कवर लिहिले जाते म्हणजे काय होते

एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आर किंवा डीव्हीडी-आर डिस्कमध्ये पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकच्या आड सेंद्रिय रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर असतो आणि त्याच्यामागे प्रकाश परत फेकणारा धातूचा थर असतो. रायटरमधला लेसर रंगद्रव्याच्या थराला ठरावीक ठिकाणी क्षणभर तापवतो आणि तिथे कायमचा बदल घडतो. वाचताना हाच किरण कमी शक्तीने फिरवला जातो, आणि बदललेल्या व न बदललेल्या जागांवरून परत येणाऱ्या प्रकाशातला फरक म्हणजे आपला डेटा. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो. त्यामुळे डीव्हीडी रायटरमध्ये ब्लू-रे डिस्क कितीही वेळा घातली तरी ती ओळखली जात नाही.

हा बदल उष्णतेने घडवलेला असल्यामुळे दोन गोष्टी आपोआप येतात. एकदा जळलेली जागा पूर्ववत होत नाही, म्हणून लिहिताना चूक झाली तर ती डिस्क वाया गेली असे समजावे. आणि रंगद्रव्याला ऊन, उष्णता व दमटपणा बाधतो, म्हणून मुंबईसारख्या शहरात डिस्क कशी ठेवली जाते याला फार महत्त्व आहे. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कमध्ये रंगद्रव्याऐवजी मिश्रधातूचा थर असतो आणि त्यावर साधारण १,००० वेळा लिहिता येते. ही डिस्क सरावासाठी उत्तम आहे. ज्यांनी पूर्वी कधीच डिस्क राइट केलेली नाही, त्यांनी पहिला प्रयोग आरडब्ल्यू डिस्कवर करावा असे मी आग्रहाने सांगेन. दीर्घकाळ जपायच्या किंवा दुसऱ्याच्या हाती द्यायच्या डेटासाठी मात्र ती वापरू नये.

कोरी डिस्क घेताना

प्रथम किती डेटा आहे ते पाहावे. सीडीमध्ये ७०० एमबी, साध्या डीव्हीडीमध्ये ४.७ जीबी, दोन थरांच्या डीव्हीडीमध्ये ८.५ जीबी आणि एका थराच्या ब्लू-रे डिस्कमध्ये २५ जीबी मावतात. इथे नवख्या माणसाची हमखास फसगत होते. डीव्हीडीवर छापलेले ४.७ जीबी हे हजाराच्या पटीत मोजलेले असतात, तर विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. म्हणून तीच डीव्हीडी विंडोजमध्ये ४.३८ जीबी दिसते. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये ४.५ जीबी दिसत असतील, तर तो फोल्डर साध्या डीव्हीडीत मावणार नाही. दोन थरांची डीव्हीडी याच हिशेबाने ७.९ जीबीच्या आसपास आणि २५ जीबीची ब्लू-रे २३.३ जीबीच्या आसपास भरते. सीडीच्या ७०० एमबीचा आकडा मात्र विंडोजच्याच मापाने दिलेला असतो, त्यामुळे तिथे हा गोंधळ होत नाही.

डिस्क काठोकाठ भरू नये. लिहिण्याचे काम आतल्या बाजूने सुरू होऊन कडेकडे सरकते आणि दर्जातल्या उणिवा बाहेरच्या कडेलाच जास्त आढळतात. शिवाय हाताळताना बोटेही तिथेच लागतात. साध्या डीव्हीडीवर ४.१ जीबीच्या आसपास थांबल्यास बऱ्याच तक्रारी आधीच टळतात.

डीव्हीडीच्या नावात 'आर'च्या आधी उणे चिन्ह असते किंवा अधिक चिन्ह असते. ही दोन वेगवेगळ्या गटांनी आणलेली मानके आहेत. आजचा कोणताही रायटर दोन्ही स्वीकारतो. पण टीव्हीला जोडायच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरसाठी डिस्क बनवायची असेल, तर उणे चिन्हाची घ्यावी, कारण जुन्या प्लेअरमध्ये ती चालण्याची शक्यता अधिक असते.

मुंबईत कोऱ्या डिस्क शोधायच्या तर आजही पाय लॅमिंग्टन रोडकडे वळतात. ग्रँट रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. तिथे किंवा ऑनलाइन, कुठेही खरेदी केली तरी सीलबंद डबा घ्यावा. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत भरलेल्या, नाव नसलेल्या सुट्या डिस्क महत्त्वाच्या कामासाठी घेऊ नयेत. कोऱ्या डिस्क बनवणारे उत्पादक कमी होत चालले आहेत हेही लक्षात ठेवावे. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेल्या मोझर बेअर या कंपनीच्या अवसायनाचा, म्हणजे ती गुंडाळण्याचा आदेश २०१८ मध्ये निघाला, आणि सोनीने लिहिता येण्याजोग्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. त्यामुळे दुकानात मिळणारा डबा किती जुना आहे हे विचारून घेणे गरजेचे झाले आहे. न लिहिलेले रंगद्रव्यही पडून पडून कमकुवत होते. कपाटात दहा-बारा वर्षांपूर्वीचा डबा सापडला, तर त्यातली एक डिस्क राइट करून पडताळल्याशिवाय बाकीच्यांवर विसंबू नये.

डिस्कवरचे छापील नाव आणि खरा उत्पादक वेगळे असू शकतात. 'इमबर्न' या मोफत प्रोग्रॅममध्ये कोरी डिस्क घातल्यावर उजवीकडच्या चौकटीत उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक दिसतो. एखाद्या डब्यातल्या डिस्क आपल्या रायटरवर चांगल्या चालल्या, तर तो क्रमांक वहीत टिपून ठेवावा. पुढच्या खरेदीला त्याचा उपयोग होतो.

रायटर आणि त्याची वीज

नव्या लॅपटॉपमध्ये रायटर नसतो, म्हणून बहुतेक जण यूएसबीने जोडायचा बाहेरचा रायटर घेतात. तो सगळी वीज यूएसबी पोर्टमधूनच ओढतो. यूएसबी २.० च्या पोर्टमधून मानकाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० च्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. डिस्क वाचायला तेवढा पुरतो. पण लिहिताना लेसर पूर्ण शक्तीने चालतो, मोटरही वेगाने फिरते आणि मागणी वाढते. म्हणून ट्रे उघडतो, जुन्या डिस्क व्यवस्थित वाचल्या जातात, मात्र लिहायला सुरुवात करताच रायटर 'गायब' होतो, हे अपुऱ्या विजेचे ठळक लक्षण आहे. अशा वेळी रायटर हबला न जोडता थेट संगणकाला जोडावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचा पोर्ट वापरावा, सोबत दोन टोकांची केबल आली असेल तर दोन्ही टोके लावावीत, आणि लॅपटॉपचा चार्जर चालू ठेवावा. केबल लांब असेल तर आखूड लावून पाहावी.

मुंबईत वीज सहसा जात नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रीडमधल्या बिघाडाने लोकलसुद्धा थांबल्या होत्या, तसे दिवस विरळा. तरीही डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांनी यूपीएस असेल तर तो वापरावा. क्षणभर दिवा मिचकला तरी चालू असलेली डिस्क वाया जाते.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. वातानुकूलित खोलीत थंड झालेला रायटर किंवा डिस्क एकदम बाहेरच्या दमट हवेत आणली, की चष्म्याच्या काचेप्रमाणे तिच्यावर बाष्प धरते. हे बाष्प रायटरमधल्या लेसरच्या भिंगावरही धरते आणि डोळ्यांना दिसतही नाही. खोली बदलली असेल, तर दोन्ही वस्तू तासभर तशाच राहू द्याव्यात आणि मगच काम सुरू करावे.

फायलींची तयारी

जे लिहायचे ते सगळे आधी संगणकाच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर, एका फोल्डरमध्ये गोळा करावे. पेनड्राइव्हवरून, मोबाइलवरून किंवा वायफायने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरून थेट राइट करू नये. लेसरला डेटा सतत मिळत राहावा लागतो. पूर्वी हा पुरवठा क्षणभर खंडित झाला तरी डिस्क वाया जात असे. २००० साली सान्योने 'बर्न-प्रूफ' हे तंत्र आणले आणि त्यानंतरच्या रायटरना जिथे थांबले तिथून पुढे लिहिता येऊ लागले. तरीही वारंवार थांबून जोडलेली डिस्क सलग लिहिलेल्या डिस्कइतकी भरवशाची नसते.

वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचा फोल्डर वापरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. त्यातली फाइल यादीत दिसत असली, तरी ती प्रत्यक्षात संगणकावर उतरलेली नसू शकते. ढगाचे छोटे चिन्ह असलेली फाइल लिहिण्याच्या क्षणी इंटरनेटवरून येऊ लागते आणि काम अडते. फोल्डर आधी पूर्ण डाउनलोड करून घ्यावा. विंडोजची अंगभूत सोय फायलींची तात्पुरती प्रत बनवूनच लिहायला घेते, म्हणून 'सी' ड्राइव्हमध्ये निदान डिस्कच्या क्षमतेएवढी जागा मोकळी असावी.

आता फायलींच्या नावांविषयी. मराठीत नावे देणाऱ्यांना हा भाग उपयोगी पडेल. डिस्कवर फायलींची यादी मांडण्याच्या काही ठरलेल्या पद्धती आहेत. आयएसओ ९६६० ही सर्वांत जुनी. तिच्या मूळ रूपात इंग्रजी मोठी अक्षरे, आणि आठ अक्षरांपर्यंतचे नाव व टिंबानंतर फाइलचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे एवढेच चालते. तिच्यावर मायक्रोसॉफ्टने आणलेली 'जोलिएट' ही जोड देवनागरी नावे स्वीकारते, पण तिच्यात नावाला साधारण ६४ चिन्हांची मर्यादा आहे. ही चिन्हे आपण मोजतो तशी मोजली जात नाहीत. 'विसर्जन मिरवणूक' यात आपल्याला नऊ अक्षरे आणि एक मोकळी जागा दिसते. संगणक मात्र प्रत्येक वेलांटी, उकार आणि जोडाक्षरातला हलन्त वेगळा मोजतो, त्यामुळे हेच नाव १५ चिन्हांचे होते. लांबलचक मराठी नाव डिस्कवर अर्धवट तुटलेले दिसते ते याच कारणाने. तिसरी पद्धत यूडीएफ. ती लांब नावे आणि ४ जीबीहून मोठी फाइल, दोन्ही सांभाळते. प्रोग्रॅममध्ये निवड विचारली गेल्यास आणि डिस्क संगणकावरच उघडली जाणार असेल, तर डीव्हीडीसाठी यूडीएफ घ्यावी. सीडीसाठी आयएसओ ९६६० आणि जोलिएट एकत्र घ्यावे. गाडीतल्या प्लेअरवर किंवा जुन्या यंत्रावर देवनागरी नावांच्या जागी नुसत्या चौकटी येतात, म्हणून अशा डिस्कसाठी इंग्रजी अक्षरांतली आखूड नावे देऊन मराठी तपशील एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवावा.

प्रत्यक्ष राइट करणे

विंडोजमध्ये कोरी डिस्क घातली, की ती कशी वापरणार असे विचारले जाते आणि दोन पर्याय येतात: 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी' किंवा 'सीडी-डीव्हीडी प्लेअरसोबत'. पहिला पर्याय सोपा वाटतो, कारण त्यात फायली हव्या तेव्हा टाकता येतात. पण तशी बनलेली डिस्क टीव्हीचा प्लेअर आणि इतर अनेक यंत्रे वाचत नाहीत. दुसऱ्याला द्यायच्या डिस्कसाठी नेहमी दुसरा पर्याय निवडावा. 'माझ्याकडे चालते, त्यांच्याकडे चालत नाही' अशी तक्रार आली, की मी सर्वप्रथम हेच विचारतो.

यानंतर वेगाचा प्रश्न येतो. डीव्हीडीचा १ एक्स वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी, सीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी आणि ब्लू-रेचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे ४.५ एमबी. प्रोग्रॅम आपण होऊन सर्वाधिक वेग निवडतो. १६ एक्स लिहिलेली डीव्हीडी ८ एक्सने राइट केली, तर भरलेल्या डिस्कला आठ ते दहा मिनिटे लागतात आणि दर्जा सहसा सुधारतो. सीडी १६ किंवा २४ एक्सने लिहावी. वेग जितका कमी तितके चांगले, असाही एक समज आहे, तो बरोबर नाही. आजच्या डिस्कमधले रंगद्रव्य वेगवान लेखनासाठीच बनवलेले असते, त्यामुळे अगदी १ किंवा २ एक्सवर ते नीट प्रतिसाद देईलच असे नाही. मधला वेग घ्यावा.

'फायनलाइज' किंवा 'क्लोज डिस्क' या खुणेकडेही लक्ष असावे. डिस्क बंद केल्यावरच तिच्या शेवटचा भाग आणि अनुक्रमणिका पक्की होते. उरलेल्या जागेत नंतर भर घालता यावी म्हणून ती उघडी ठेवता येते, पण अशी डिस्क इतरांकडे वाचली जाईलच याची खात्री नसते. जागा वाया गेली तरी चालेल, डिस्क बंद करावी.

सुरुवात करण्यापूर्वी संगणक ठरावीक वेळाने झोपी जाण्याची सोय बंद करावी, जड प्रोग्रॅम बंद करावेत आणि रायटर सपाट, न हलणाऱ्या टेबलावर ठेवावा. लॅपटॉप मांडीवर घेऊन डिस्क राइट करू नये.

इमेज, व्हिडिओ आणि वैद्यकीय सीडी

इंटरनेटवरून उतरवलेली 'आयएसओ' फाइल ही संपूर्ण डिस्कची एकसंध प्रतिमा असते. ती इतर फायलींप्रमाणे ओढून डिस्कवर टाकली, तर डिस्कवर केवळ ती एक फाइल दिसते आणि संगणक त्या डिस्कवरून सुरू होत नाही. विंडोज ७ पासून अशा फाइलवर राइट-क्लिक केल्यावर 'बर्न डिस्क इमेज' हा पर्याय मिळतो, तोच वापरावा.

मोबाइलवर काढलेला व्हिडिओ डेटा म्हणून डीव्हीडीवर घातला, तर तो संगणकावर चालेल, जुन्या डीव्हीडी प्लेअरवर बहुधा नाही. त्या प्लेअरला एमपेग-२ स्वरूपातला, ठरावीक फोल्डररचनेत बसवलेला व्हिडिओ लागतो. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत त्याचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते. 'डीव्हीडी-स्टायलर' या मोफत प्रोग्रॅमने अशी डिस्क बनवता येते, मात्र रूपांतराला बराच वेळ लागतो.

एमआरआय किंवा सीटी स्कॅनची सीडी ही वेगळीच गोष्ट आहे. तिच्यातल्या प्रतिमा डायकॉम या वैद्यकीय स्वरूपात असतात, त्यांच्या फायलींची नावे निरर्थक भासतात, आणि अगदी वरच्या पातळीवर 'डायकॉमडीर' नावाची एक अनुक्रमणिका असते. काही जण आतला एखादाच फोल्डर उचलून नवी सीडी बनवतात आणि डॉक्टरांच्या संगणकावर काहीच उघडत नाही. एकाही फाइलचे नाव किंवा जागा बदलू नये. उत्तम मार्ग म्हणजे 'इमबर्न'मधून मूळ सीडीची आधी आयएसओ प्रतिमा बनवावी आणि तीच नव्या सीडीवर लिहावी. मूळ सीडी मात्र रुग्णाच्या फाइलमध्येच राहू द्यावी.

राइट झाल्यावर

ट्रे बाहेर येऊन 'यशस्वी' असा संदेश दिसला म्हणजे लेसरने आपले काम केले एवढेच ठरते. लिहिलेले परत वाचता येते की नाही हे अजून कोणी पाहिलेले नसते. म्हणून प्रोग्रॅममधली 'व्हेरिफाय' ही खूण प्रत्येक वेळी चालू ठेवावी. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, तो लागू द्यावा.

डिस्क हातात घेऊन ट्यूबलाइटच्या उजेडात तिरपी धरावी. खालच्या बाजूला, मधल्या छिद्राभोवतीपासून सुरू होणारा किंचित गडद पट्टा दिसतो आणि तो जिथे संपतो तिथे बारीक, स्वच्छ वर्तुळाकार रेषा असते. हा पट्टा म्हणजे लिहिलेला भाग. पूर्ण डीव्हीडीचा डेटा होता आणि पट्टा निम्म्यावरच थांबलेला दिसत असेल, तर काम अर्धवट राहिले आहे. पट्ट्यातच डाग किंवा चंद्रकोरीसारखी फिकट खूण दिसल्यास डिस्क लिहिताना मळलेली असण्याची शक्यता असते.

त्यानंतर डिस्क दुसऱ्या संगणकावर घालावी आणि फायलींची नुसती यादी न पाहता सगळा डेटा एका रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी करून पाहावा. शेवटची फाइल उतरेपर्यंत थांबावे; दोष कडेला असला तर तो तिथेच सापडतो. हे झाल्याशिवाय मूळ डेटा पुसू नये.

पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात द्यायच्या चित्रीकरणाबाबत आणखी एक पायरी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राची तरतूद आहे आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या आशयावरून काढलेला एक लांब आकडा. फाइलमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी तो बदलतो. 'सेव्हन-झिप' हा मोफत प्रोग्रॅम बसवलेला असेल, तर फाइलवर राइट-क्लिक करून एसएचए-२५६ हे मूल्य काढता येते. ते मूळ फाइलचे काढावे, राइट झालेल्या डिस्कवरच्या फाइलचे काढावे, आणि दोन्ही तंतोतंत जुळतात का ते पाहावे. सीसीटीव्हीचे चित्रीकरण साठवणारी अनेक डीव्हीआर यंत्रे ते आपल्याच खास स्वरूपात देतात. तेव्हा ते उघडणारा प्रोग्रॅमही त्याच डिस्कवर ठेवावा. प्रमाणपत्रात काय लिहायचे हे तपास अधिकाऱ्याला किंवा वकिलाला विचारूनच ठरवावे.

नेहमी दिसणारे बिघाड

'पॉवर कॅलिब्रेशन एरर' हा संदेश नवख्यांना सर्वांत जास्त घाबरवतो. लिहिण्यापूर्वी रायटर डिस्कवरच्या राखीव जागेत थोडे लिहून पाहतो आणि लेसरची योग्य शक्ती ठरवतो; ती ठरवता आली नाही, की हा संदेश येतो. आधी दुसऱ्या उत्पादकाची डिस्क घालून पाहावी, मग वेग बदलावा. दोन-तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या चांगल्या डिस्कवरही हाच संदेश येत असेल, तर भिंग मळलेले आहे किंवा लेसर थकला आहे. बरीच वर्षे वापरलेला रायटर दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणे परवडते.

काम दर वेळी एकाच फाइलवर थांबत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून त्या फाइलचा असतो. ती फाइल हार्ड डिस्कवरच दुसरीकडे कॉपी होते का ते पाहावे. तिथेही अडली, तर हार्ड डिस्क तपासून घ्यावी. काम दर वेळी शेवटाकडे, ९० टक्क्यांनंतर कोलमडत असेल, तर डिस्कचा दर्जा किंवा वेग कारणीभूत असतो. आणि कोरी डिस्क घातलेली असतानाही 'कोरी डिस्क घाला' असा आग्रह होत असेल, तर रायटरवर छापलेली चिन्हे वाचून तो प्रकार त्याला चालतो का हे आधी तपासावे.

नाव लिहिणे आणि जपणे

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. त्याने समतोल बिघडतो आणि दमट हवेत ते सुटू लागते. सीडी-डीव्हीडीसाठीचा मऊ टोकाचा मार्कर वापरावा, बॉलपेन कधीही नाही. सीडीमध्ये डेटाचा थर छापील बाजूच्या लगेच खाली, फक्त लाखेच्या पातळ आवरणाखाली असतो, म्हणून सीडीची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा नाजूक असते. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन तबकड्यांच्या मध्ये असतो. पुसायची वेळ आलीच, तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोलाकार पुसल्यास उमटणारा ओरखडा डेटाच्या ओळीच्या दिशेने जातो आणि तो वाचताना सावरणे रायटरला अवघड होते.

डिस्क साठवण्यासाठी २० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली जाते. जुलैमधल्या मुंबईत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्याही वर असते, तेव्हा हे घरी जसेच्या तसे जमणार नाही. जमेल ते असे: प्रत्येक डिस्क तिच्या कडक डबीत उभी ठेवावी आणि त्या डब्या घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट आणि उन्हाने तापणारा पोटमाळा, या दोन्ही जागा टाळाव्यात. प्लॅस्टिकच्या पाकिटांचे अल्बम पावसाळ्यात डिस्कला चिकटतात, म्हणून दीर्घकाळासाठी ते वापरू नयेत. महत्त्वाच्या डेटाच्या दोन प्रती वेगवेगळ्या उत्पादकांच्या डिस्कवर काढाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो नातेवाइकांकडे ठेवावी. दिवाळीच्या साफसफाईत एकदा सगळ्या डिस्क कॉपी करून पाहाव्यात. एखादी अडखळू लागली, की त्याच दिवशी तिची नवी प्रत काढावी.

वाया गेलेल्या डिस्कवरही डेटाचा काही भाग उतरलेला असतो, आणि तो रुग्णाचा किंवा सोसायटीच्या सभासदांचा असू शकतो. सीडीची छापील बाजू खिळ्याने खोलवर खरवडली, की डेटाचा थर निघून येतो. डीव्हीडीचा थर आत असल्यामुळे ती जाड कापडात गुंडाळून मोडावी, कारण तिच्या कपच्या डोळ्यांत जाऊ शकतात, आणि तुकडे ई-कचऱ्यात द्यावेत.